जुन्या गाडीत नवा रेडिओ: मूळ वायरिंगला कात्री न लावता

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारला की एक जागा हमखास सापडते. वाळून सुटलेली चिकटपट्टी, तिच्या आत नुसत्या पिळून जोडलेल्या दोन वायरी, आणि त्यांतली एक मूळ वायरीच्या निम्म्या जाडीची. आधीच्या कुणा मालकाने बसवलेल्या रेडिओची ती खूण असते. रेडिओ केव्हाच गेलेला असतो, पण उघडी वायर अजून बॅटरीला जोडलेलीच असते आणि गाडी हादरली की पत्र्याला टेकते.

म्हणून मी एक नियम पाळतो. रेडिओची वायरिंग गाडीच्या वायरिंगपासून वेगळी ठेवायची: फ्यूज वेगळा, अर्थिंग वेगळं, वायरींचा जुडगा वेगळा. मूळ जुडग्यातली एकही वायर कापायची नाही, सोलायची नाही. डॅशबोर्डला नवं भोक पाडायचं नाही. उद्या रेडिओ काढायचा ठरला, तर चार कनेक्टर सोडवून दोन स्क्रू काढले की गाडी कारखान्यातून आली तशी दिसली पाहिजे. याला एखादा दिवस जास्त लागतो. तो द्यावा.

आधी बॅटरीकडे बघा

आजचा रेडिओ १२ व्होल्टवर चालतो आणि त्याची धातूची बॉडी मायनसला जोडलेली असते. तुमची गाडी या दोन्ही बाबतींत वेगळी असू शकते. अमेरिकन फोर्ड गाड्या १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या आणि प्लस अर्थच्या होत्या. १९५६ पासून त्या १२ व्होल्ट आणि मायनस अर्थ झाल्या. फोक्सवॅगन बीटल साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ६ व्होल्टची होती, पण मायनस अर्थ. ब्रिटिश गाड्यांपैकी मॉरिस मायनर १२ व्होल्टची, पण प्लस अर्थ. एमजीबीही १९६७ च्या अखेरीस मार्क २ येईपर्यंत तशीच.

प्लस अर्थ म्हणजे बॅटरीचं प्लस टर्मिनल गाडीच्या पत्र्याला बांधलेलं आणि दिव्यांना, हॉर्नला जाणारी वायर मायनसची. अशा गाडीत साधा रेडिओ बसवला आणि त्याची बॉडी डॅशबोर्डच्या पत्र्याला लागली, की बॅटरीची दोन टोकं थेट एकमेकांना भिडतात. काही जण रेडिओभोवती रबर लावून तो पत्र्यापासून वेगळा ठेवतात. ते मला मान्य नाही. एरियलच्या केबलची बाहेरची जाळी रेडिओच्या बॉडीला जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक मडगार्डच्या पत्र्यावर बसतं, म्हणजे शॉर्ट एरियलमधून होतो. ते टाळलं तरी यूएसबीच्या केबलचं धातूचं तोंड उरतंच. ते डॅशबोर्डला सहज घासलं तरी ठिणगी पडते.

गाडीसोबत आलेल्या पुस्तकावर विसंबू नका. मधल्या एखाद्या मालकाने अर्थिंग बदललेलं असू शकतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन रंग नसलेल्या पत्र्याला लावा आणि लाल पिन बॅटरीच्या एकेका टर्मिनलला. एकावर शून्य येईल. दुसऱ्यावर १२ च्या आसपास आकडा आला तर मायनस अर्थ, त्याच आकड्यामागे वजा चिन्ह आलं तर प्लस अर्थ. जुन्या एमजीबीत सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. तिथे दोन्ही मिळून व्होल्टेज मोजायचं आणि कधीही एकाच बॅटरीवरून रेडिओला वीज घ्यायची नाही.

गाडी प्लस अर्थ निघाली तर दोन वाटा आहेत. पहिली, गाडीच मायनस अर्थ करून घेणं. बॅटरी उलटी लावायची. टर्मिनलच्या जाड्या वेगळ्या असल्यामुळे क्लॅम्पही बदलावे लागतात. इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या) दोन लहान वायरींची अदलाबदल करायची, अँमीटरच्या वायरींचीही. मग डायनामोच्या दोन्ही वायरी काढून त्याच्या एफ टर्मिनलला बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकावरून आणलेली वायर एक-दोन सेकंद टेकवायची, म्हणजे आतलं चुंबकत्व नव्या दिशेने बसतं. गाडीत डायनामो, यांत्रिक पेट्रोल पंप आणि साधी मीटरं एवढंच असेल तर हे तासाभराचं काम आहे. पण विजेवर चालणारा आरपीएम मीटर असेल तर तो आतून बदलून घ्यावा लागतो, कायम चुंबकाची हीटर मोटर उलटी फिरते, आणि कुठे डायोड असलेला पेट्रोल पंप किंवा अल्टरनेटर असेल तर तो जळू शकतो. अशा गाडीत मी दुसरी वाट धरतो: आयसोलेटेड कन्व्हर्टर.

आयसोलेटेड हा शब्द महत्त्वाचा. या डब्याच्या आत येणारी आणि जाणारी वीज एकमेकांपासून पूर्ण तोडलेली असते. त्यामुळे बाहेर येणारा मायनस बिनधास्त गाडीच्या पत्र्याला जोडता येतो, रेडिओची बॉडी आणि एरियलची जाळी पत्र्याच्याच पातळीवर येतात आणि वरचे सगळे धोके मिटतात. विकत घेण्यापूर्वी खात्री हवी असेल तर कशालाही न जोडलेल्या कन्व्हर्टरच्या इनपुट आणि आउटपुट वायरींमध्ये मल्टिमीटरने जोड तपासा. कुठेही जोड दाखवता कामा नये. ६ व्होल्टच्या गाडीलाही कन्व्हर्टरच लागतो, फक्त तिथे हिशेब नीट करा. १२ व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे ६० वॅट. एवढे मिळवायला ६ व्होल्टच्या बाजूने १० अँपिअर, आणि कन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे धरून १२ अँपिअरच्या आसपास ओढले जातात. इनपुटची वायर त्या मानाने जाड घ्या.

डायनामोला हे ओझं पेलेल का

खोक्यावर ४ × ५० वॅट छापलेलं असतं. ते वाचून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला आवाज न फाटता साधारण २५ वॅटपेक्षा जास्त देणं त्या रचनेला शक्यच नसतं. प्रत्यक्षात वीसच्या आसपास मिळतात. नेहमीच्या आवाजात रेडिओ सरासरी १ ते ३ अँपिअर घेतो, पूर्ण आवाजात क्षणभर १० च्या जवळ जातो.

लुकासचा सी४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन चांगलं फिरत असताना. रात्री हेडलाइट आणि बाकीचे दिवे मिळून १० अँपिअर, इग्निशनचे ३, वायपर आणि हीटरचा पंखा लावला तर आणखी ५-६. वरती रेडिओचे २-३ बसतात, पण काठोकाठ. गर्दीत इंजिन आयडलवर असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, तेव्हा सगळं बॅटरीतूनच जातं. त्यामुळे डायनामोच्या गाडीत वेगळा अँप्लिफायर लावायच्या फंदात पडू नका. रेडिओ आणि दोन चांगले स्पीकर, एवढंच ठेवा.

आता गाडी उभी असतानाचा खर्च. रेडिओ बंद असला तरी घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला तो थोडी वीज घेतो. ५ मिलिअँपिअर धरले तरी तीन महिन्यांत जवळपास ११ अँपिअर-तास होतात. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीच्या बॅटरीला हे जाणवतं. यावरचा उपाय पुढे येईलच.

जागा

आजच्या साध्या रेडिओचं तोंड १८० × ५० मि.मी. असतं आणि त्याची चौकट बसायला १८२ × ५३ चं भोक लागतं. जुन्या गाडीत मात्र दोन बाजूंना दोन गोल नॉबच्या दांड्या आणि मधे लहान चौकोन अशी जागा असते. तो पत्रा कापून मोठा करणं म्हणजे गाडीचं कायमचं नुकसान. त्याऐवजी दोन दांड्यांचेच पण आतून आधुनिक रेडिओ आता बनतात, ते बघा. नाहीतर रेडिओ ग्लोव्ह बॉक्समध्ये, डॅशबोर्डखाली टांगलेल्या पेटीत किंवा सीटखाली ठेवा आणि गाणी फोनवरून ब्लूटूथने लावा. डॅशबोर्डवर मूळ रेडिओ तसाच राहू द्या. बंद पडलेला असला तरी तो त्या गाडीचा चेहरा आहे.

खोली मोजायला रेडिओच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा आणि मागे प्लग-वायरींसाठी ५० मि.मी. वाढवा. जुन्या गाडीत नेमका त्याच जागी हीटरचा डबा किंवा वायपरची दांडी असते. जागा कमीच पडत असेल तर सीडी नसलेले उथळ रेडिओ १०० मि.मी. च्या आसपास खोलीचे मिळतात. कुठलाही रेडिओ घ्या, त्याच्या मागच्या बोल्टला पट्टी लावून आधार द्या. नुसत्या पुढच्या चौकटीवर लटकवला तर पत्रा थरथरतो आणि प्लग हळूहळू सैल होतात.

रंगांचा घोळ

या कामात जितके रेडिओ आणि जुडगे जळतात, त्यांतले पुष्कळ रंगांच्या गैरसमजातून जळतात, म्हणून इथे थोडं थांबू. आजच्या रेडिओत पिवळी वायर म्हणजे कायमचे १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावीबरोबर येणारे, काळी म्हणजे अर्थ. निळी विजेवर वर-खाली होणाऱ्या एरियलसाठी, निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करण्यासाठी, नारिंगी दिव्यांबरोबर रेडिओचा उजेड कमी करण्यासाठी. रेडिओला आयएसओ प्लग असेल तर त्याच्या पॉवरच्या भागात ४ नंबरची पिन कायमची, ७ नंबरची चावीची आणि ८ नंबरची अर्थची.

ब्रिटिश गाडीत मात्र तपकिरी वायर म्हणजे बॅटरीवरून थेट, फ्यूजशिवाय आलेली. जांभळी म्हणजे फ्यूजमधून आलेली कायमची. पांढरी चावीनंतरची, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थ, लाल साइड लाइटची. जर्मन गाडीत हे जवळजवळ उलटं आहे: तपकिरी अर्थ, लाल कायमची आणि काळी चावीनंतरची. टर्मिनलवर आकडे असतील तर ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे चावी, ३१ म्हणजे अर्थ, ५८ म्हणजे दिवे.

बरीच वर्षं ब्रिटिश गाड्यांवर हात बसल्यावर मी एकदा जर्मन गाडीत तपकिरी वायर रेडिओच्या पिवळ्या वायरीला जोडली. रेडिओ चालू झाला नाही, एवढ्यावर निभावलं. हीच चूक उलटी झाली असती, ब्रिटिश गाडीतली तपकिरी वायर अर्थ समजून पत्र्याला लावली असती, तर फ्यूज नसलेली ती वायर शेजारच्या वायरींना घेऊन जळाली असती. तेव्हापासून रंग कितीही ओळखीचा वाटला तरी मी मीटर लावल्याशिवाय वायरीला हात लावत नाही. त्यातून पन्नास-साठ वर्षांत रंग उडून सगळ्याच वायरी सारख्या करड्या दिसायला लागलेल्या असतात.

पॉवरच्या वायरी ओढताना

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचं अर्थचं टोक काढा. प्लस अर्थच्या गाडीत ते प्लस असतं. आधी अर्थचंच टोक काढलं की पाना चुकून पत्र्याला लागला तरी काही होत नाही.

कायमची वायर २.५ चौ. मि.मी. ची घ्या. तांब्याच्या या वायरीला मीटरमागे ०.००७ ओहम विरोध असतो, म्हणजे ३ मीटर लांबीत १० अँपिअरला फक्त ०.२ व्होल्ट पडतात. बॅटरीपासून २० सें.मी. च्या आत फ्यूज होल्डर लावा आणि त्यात रेडिओच्या मागे असेल तेवढाच, १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो; तो रेडिओजवळ बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघड्यावर राहते.

डॅशबोर्डवर अँमीटर असेल तर ही वायर थेट बॅटरीवर लावू नका. अँमीटर बॅटरी आणि बाकी गाडी यांच्या मधे बसलेला असतो. रेडिओने बॅटरीच्या टोकावरून वीज घेतली तर इंजिन चालू असताना डायनामोकडून रेडिओकडे जाणारा प्रवाह अँमीटरला बॅटरी चार्ज होत असल्यासारखा दिसतो आणि काटा खोटं सांगतो. अशा गाडीत अँमीटरच्या पलीकडच्या टर्मिनलवरून, म्हणजे दिव्यांकडे वीज जाते त्या बाजूवरून वायर घ्या आणि फ्यूज तिथेच शेजारी लावा.

वायर बोनेटमधून आत आणताना पत्र्याला आधीच असलेलं रबरी ग्रोमेट शोधा. ग्रोमेट कडक होऊन तडकलं असेल तर नवं घाला. पत्र्याची धार पीव्हीसीचं आवरण थोड्या महिन्यांत कापते. एक्झॉस्ट, स्टिअरिंगचा दांडा आणि पेडल यांपासून वायर लांब ठेवा आणि दर २०-२५ सें.मी. वर बांधा. आवरणाला साधी इन्सुलेशन टेप वापरू नका. तिचा गोंद उष्णतेने चिकट पाणी होतो. कापडी टेप किंवा विणलेली स्लीव्ह जुन्या जुडग्याशी दिसायलाही जुळते.

जोड कसे करायचे यावर दोन मतं आहेत. मी चांगल्या दर्जाच्या क्रिम्पिंगच्या, म्हणजे टर्मिनल वायरीवर चेपून बसवण्याच्या बाजूचा आहे, पण क्रिम्प नेमक्या मापाच्या चिमट्याने झाला पाहिजे, साध्या पकडीने चेपून नाही. डाग दिलेला जोडही टिकतो. मात्र डागाचं कथील तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. डाग दिलात तर वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून ठेवा. मूळ वायरीला दात रुतवून चिकटणारे झटपट कनेक्टर जुन्या गाडीत कधीही नकोत. ते अर्ध्या तारा कापतात आणि आत पाणी धरून ठेवतात.

आता लाल वायर, आणि जुन्या गाडीचा खरा पेच. कित्येक जुन्या गाड्यांच्या चावीला फक्त बंद, इग्निशन आणि स्टार्ट एवढंच असतं, रेडिओपुरती वेगळी खूण नसते. इंजिन बंद ठेवून इग्निशनवर गाणी ऐकलीत आणि पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) नेमके मिटलेले असले, तर कॉइलमधून सतत ३-४ अँपिअर वाहत राहतात. कॉइल तापते, पॉइंटही जळतात. म्हणून अशा गाडीत लाल वायर चावीला जोडण्याऐवजी मी डॅशबोर्डखाली एक छोटा स्विच बसवतो आणि पिवळ्या वायरीवरून स्विचमार्फत लाल वायरीला वीज देतो. मूळ भोक रिकामं असेल तर त्यात, नाहीतर डॅशबोर्डखालच्या एखाद्या जुन्याच स्क्रूवर पट्टी लावून. तोटा एकच: उतरताना स्विच बंद करायची आठवण ठेवावी लागते.

विसरण्याची भीती असेल तर रिले, म्हणजे थोड्याशा विजेने आपोआप जोडला जाणारा स्विच घ्या. चावीनंतरची वीज ८६ ला, अर्थ ८५ ला, पिवळ्यावरून आलेली कायमची वीज ३० ला आणि ८७ वरून रेडिओची लाल वायर. रिलेच्या गुंडाळीला जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर लागतात, त्यामुळे जुन्या चावीच्या स्विचवर ताण पडत नाही. चावीनंतरची वीज फ्यूज बॉक्सच्या रिकाम्या पात्यावरून घ्या. रिकामं पातं नसेल तर मूळ टर्मिनल काढून मधे दुहेरी पात्याचं टर्मिनल बसवा, म्हणजे काहीही कापावं लागत नाही. पण इंजिन बंद ठेवून ऐकायचं नाही, हे पथ्य मग पाळावंच लागतं.

जी गाडी महिनोन्महिने उभी असते, तिच्यासाठी पिवळी आणि लाल दोन्ही एकाच कटऑफ स्विचमागे ठेवा. दर वेळी घड्याळ पुन्हा लावावं लागेल, पण बॅटरी शिल्लक राहील.

अर्थिंगची वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड आणि शक्य तेवढी आखूड. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, रिंग टर्मिनलखाली दातांचा वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा, म्हणजे गंज धरत नाही. हीटर, वायपर किंवा मीटरच्या अर्थच्या स्क्रूवर ही वायर चढवू नका; त्यांचा आवाज रेडिओत येतो.

स्पीकर

जुन्या गाडीत बहुतेकदा मधोमध एकच स्पीकर असतो आणि त्याची एक वायर पत्र्याला लावलेली असते. त्या काळच्या रेडिओला ते चालायचं. आजच्या रेडिओच्या स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. त्यांतली एकही पत्र्याला लागली तर आतली अँप्लिफायरची चिप बंद पडते किंवा कायमची जाते. म्हणून प्रत्येक स्पीकरला रेडिओपासून स्वतःच्या दोन वायरी ओढा. पांढरी जोडी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली ती मायनस. ०.७५ ते १.५ चौ. मि.मी. जाडी भरपूर झाली. न वापरलेल्या वायरींची टोकं एकेक करून स्लीव्हने बंद करा, एकत्र पिळू नका.

एकाच मूळ जागेत स्टिरिओ हवा असेल तर दुहेरी गुंडाळीचा स्पीकर घ्या. त्याला चार टर्मिनल असतात. दोन डाव्या वाहिनीला, दोन उजव्या. साध्या स्पीकरवर डावी-उजवी वाहिनी एकत्र जोडू नका, दोन अँप्लिफायर एकमेकांशी भांडून जळतात. दारांना भोक पाडण्यापेक्षा पायांजवळच्या बाजूच्या फळ्या बदलणं चांगलं. मूळ फळ्या गुंडाळून जपून ठेवा आणि त्याच मापाच्या नव्या फळ्यांत स्पीकर बसवा. मागच्या काचेखालच्या फळीवर बसवायचा असेल तर आधी खाली वाकून बघा. काही गाड्यांत पेट्रोलची टाकी तिथेच असते.

दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी एकाच दिशेने हलले पाहिजेत, नाहीतर खर्ज नाहीसा होतो. खुणा पुसल्या असतील तर वायरी रेडिओला जोडण्यापूर्वी १.५ व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस लागलेलं टर्मिनल प्लस.

एरियल

एफएमसाठी दांडी ७५ सें.मी. च्या आसपास हवी. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची ती पाव लांबी. मूळ एरियल चांगली असेल तर तीच ठेवा आणि प्लग बदलायला अ‍ॅडॉप्टर वापरा. केबलची तीन मापं घ्या: दांडीपासून प्लगच्या मधल्या पिनेपर्यंत जवळजवळ शून्य ओहम, बाहेरच्या जाळीपासून पत्र्यापर्यंत शून्य, आणि पिन ते जाळी यांत काहीच जोड नाही. दुसरं माप चुकलं तर मडगार्डच्या खालच्या बाजूने बुडाचा गंज खरवडा. स्टेशन अंधूक लागण्याचं आणि खरखरीचं हे सगळ्यात साधं कारण असतं. डॅब, म्हणजे डिजिटल प्रसारणाच्या रेडिओला वेगळी एरियल लागते. काचेवरची चिकटवायची घेतली तर तिची धातूची पट्टी खांबाच्या पत्र्याला नीट लागली पाहिजे.

पहिल्यांदा चालू करताना

सगळं जोडून झालं की लगेच फ्यूज घालू नका. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा आणि मग बॅटरीचं अर्थचं टोक लावा. रेडिओ बंद असताना बल्ब पेटता कामा नये. तो भक्क पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्ब पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणून काही जळत नाही. बल्ब विझलेला असेल तर स्विच चालू करा. रेडिओ लागताना बल्ब मंद पेटेल, आवाज वाढवला तर अधिक. स्टेशन लागलं, चारी दिशांचे आवाज आपापल्या स्पीकरवर आले, की बल्ब काढून फ्यूज घाला. कटऑफ स्विच लावलेला नसताना रेडिओ बंद-चालू केल्यावर स्टेशनं पुसली गेली तर पिवळी-लाल उलटी झाली आहे.

खरखर आणि शिट्ट्या

इंजिन चालू केल्यावर आवाज आला तर आधी तो ऐका, लगेच फिल्टर आणायला धावू नका. एरियलचा प्लग काढून बघा. आवाज गेला तर तो हवेतून किंवा एरियलच्या बुडातून येत होता. तसाच राहिला तर वायरींतून येतोय.

इंजिनच्या गतीबरोबर जलद होणारी टकटक इग्निशनची. नुसत्या तांब्याच्या प्लग वायरी असतील तर ५ किलोओहम विरोधाच्या प्लग कॅप लावा. विरोधाचे प्लग, विरोधाच्या कॅप आणि कार्बनच्या वायरी असं सगळं एकदम लावू नका, ठिणगी दुबळी होते. कॉइलवर १ मायक्रोफॅराडचा कंडेन्सर लावायचा तो वीज येणाऱ्या टर्मिनलवर. पॉइंटकडे जाणाऱ्या टर्मिनलवर लावला तर इंजिनच नीट चालणार नाही. गतीबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी अल्टरनेटरची, आणि तिचं मूळ पुष्कळदा अर्थिंगमध्ये असतं. डायनामोची घरघर असेल तर ब्रश आणि कम्युटेटर साफ करून जाड वायरीच्या, म्हणजे डी टर्मिनलवर तसाच कंडेन्सर लावा. एफ टर्मिनलवर कधीही लावू नका, व्होल्टेज रेग्युलेटरचे पॉइंट खराब होतात.

इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू, आणि अधूनमधून टक असा आवाज येत असेल तर तो पेट्रोल आणि तापमानाच्या मीटरांना वीज देणाऱ्या जुन्या स्टॅबिलायझरचा असतो. त्याच्या आतली पट्टी तापून उघडझाप करते. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर त्याच जागी बसतो आणि मीटरही स्थिर दाखवायला लागतात. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत फक्त एएमवर भुणभुण येत असेल तर कन्व्हर्टर एरियलच्या केबलपासून लांब हलवा.

शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर डॅशबोर्डखाली पुन्हा एकदा जा. अर्थिंगचा बोल्ट आवळा, आणि रेडिओ अर्धा तास मोठ्याने लावून फ्यूज होल्डरला हात लावून बघा. गरम लागला तर त्याचा क्रिम्प पुन्हा करा. सगळं बंद करून पिवळ्या वायरीत मिलिअँपिअर मोजा आणि आकडा लिहून ठेवा. कुठली वायर कुठून घेतली, फ्यूज कुठे आहे, मूळ फळ्या आणि स्क्रू कुठे ठेवलेत, याचा कागदावर नकाशा काढून तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.